पहिल्या पावसाचं पाणी कुणाचं?

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला की उत्तर गोव्यातल्या पेडणे भागात रात्री दोन तऱ्हेची माणसं शेतात उतरतात. काहींकडे बॅटरी आणि पोतं असतं, काहींकडे बॅटरी आणि कॅमेरा. दोघांनाही हवा असतो तो इंडियन बुलफ्रॉग, म्हणजे आपल्या उपखंडातल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक. पूर्ण वाढलेला बेडूक नाकापासून बुडापर्यंत सोळा सेंटिमीटरपर्यंत भरू शकतो. दोदाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1802 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अकरावी-बारावीला ज्यांनी जीवशास्त्र घेतलं होतं, त्यांना तो ‘राना टायग्रिना’ म्हणून आठवत असेल. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून लावलेला तो हाच. आता त्याचं शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस.

या बेडकावरून एका घरात मामा आणि भाचीचा वाद चालतो. मामांनी आयुष्यभर भातशेती केली. तरुणपणी बेडूक धरले आणि चवीने खाल्ले. भाची पुण्यात वाढली, उभयचरांवर संशोधन करते आणि कामानिमित्त अंदमानात राहून आलेली आहे. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, मतं मात्र जुळत नाहीत. हा त्यांचा वाद.

मामा: मला आधी एक सांग, बाय. हा बेडूक दुर्मीळ आहे?

भाची: नाही.

मामा: झालं तर! तुझा अर्धा खटला इथेच निकालात.

भाची: खोटं कशाला बोलू? पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत, नेपाळच्या तराईपासून केरळपर्यंत तो सापडतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीतही तो सर्वांत कमी काळजीच्या वर्गात आहे.

मामा: आणि तरीही वाडीतल्या पोराच्या पोत्यात चार बेडूक सापडले तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाघ मारला असता तर निदान चार माणसांत नाव तरी झालं असतं.

भाची: मामा, कायदा बेडकांच्या संख्येकडे बघतो तसा त्या रात्रीकडेही बघायला हवा. पोरं बेडूक कधी धरतात? दिवाळीत धरतात का?

मामा: दिवाळीत कुठे दिसतो तो! पहिल्या पावसालाच बाहेर पडतो.

भाची: तेच म्हणते. वर्षातला बहुतेक काळ हा प्राणी एकटा असतो. बिळात, चिखलात, ओल्या कडेकपारीत बसतो आणि रात्री खायला बाहेर पडतो. उन्हाळाभर तर जमिनीखालीच. मग पहिला मोठा पाऊस येतो, शेतात घोटाभर पाणी साचतं आणि दोन-चार रात्रींत सगळे एकदम त्या पाण्यावर गोळा होतात. नर लिंबासारखे पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात आणि जीव तोडून ओरडत बसतात. लपायचं नाव नाही. एरवी जो बेडूक पावलाच्या आवाजाने पाण्यात बुडी मारतो, तो त्या रात्री तुझ्या बॅटरीच्या झोतात बसून राहतो.

मामा: बसून राहतो कसला! एकमेकांच्या अंगावर धावून जातात. तू पुस्तकातलं सांगतेस, मी पाण्यातलं सांगतो. आमच्या वेळी गॅसबत्ती असायची. एक जण बत्ती धरायचा, दुसरा पोतं. उजेड डोळ्यांवर पडला की बेडूक थिजतो. मग मागून हात घालायचा आणि कमरेत धरायचा. पाय धरलेस तर निसटलाच. हाताला बुळबुळीत लागतो, पण त्या मांड्यांत ताकद अशी की मनगटाला हिसका बसतो. पाठीवर उभ्या वळ्या असतात, त्या अंगठ्याला लागतात. अंधारातही हा तोच की दुसरा, ते वळ्यांवरून कळायचं. धरल्यावर एक आवाज काढतो, ओरडण्याहून वेगळा. कुत्र्याचं पिल्लू पायाखाली आलं तर कसं केकाटतं, तसा.

भाची: आणि तो ऐकूनही पोत्यात टाकायचास?

मामा: कोंबडी काय गाणं म्हणत मरते? पोटासाठी खाणाऱ्याने आवाजाचा विचार करायचा तर उपाशीच राहायला हवं.

भाची: ठीक. खाण्याला मी नाक मुरडत नाही. पण त्या पोत्यात काय होतं ते बघ. त्या रात्री पाण्यावर आलेला प्रत्येक बेडूक प्रजननासाठी आलेला असतो. जो मोठ्याने ओरडतो तो आधी सापडतो. जी मादी सापडते तिच्या पोटात हजारोंनी अंडी असतात, अजून घालायची असलेली. भाद्रपदात चार बेडूक नेलेस तर चार गेले. मृगात चार नेलेस तर त्या डबक्यातली पुढची पिढीच गेली. मासेमारीला पावसाळ्यात बंदी असते, ती तुला पटते ना?

मामा: पटते. माशाला वीण द्यायला हवी.

भाची: मग बेडकाने काय घोडं मारलंय?

मामा: फरक आहे. मासेमारीची बंदी उठते. नारळी पौर्णिमेनंतर कोळी होड्या काढतो. तुझी बेडकाची बंदी बारमाही आहे. ‘विणीत धरू नका’ असा कायदा असता तर मीच पोरांच्या हातातली पोती काढून घेतली असती. ‘कधीच धरू नका’ म्हटलं की माणूस चोरून धरतो. आणि चोरून धरायचं तर ज्या रात्री सर्वांत सोपं असतं त्याच रात्री धरतो.

भाची: हा मुद्दा चांगला आहे. पण बारमाही बंदी कुठून आली तेही ऐक. ती तुमच्या चुलीमुळे नाही आली, परदेशातल्या ताटांमुळे आली. 1950 नंतर भारतातून बेडकांचे गोठवलेले पाय निर्यात व्हायला लागले. अमेरिका आणि युरोप ही मोठी गिऱ्हाइकं. 1980 च्या आसपास एका वर्षात चार हजार टनांच्या वर माल गेला, आणि हे वजन फक्त मागच्या पायांचं. बाकीचा बेडूक तिथेच टाकून द्यायचे, कित्येकदा जिवंत. केरळ, बंगाल, जिथे जिथे भातशेती तिथे तिथे रात्री पोती भरायची.

मामा: ऐकलंय ते.

भाची: त्याविरुद्ध मुंबईतून आवाज उठवला हुमायून अब्दुलअलींनी. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे. 1951 च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी कायद्यामागेही तेच होते. कुणी भाबडा प्राणिप्रेमी नव्हे, बंदूक चालवलेला माणूस. त्यांचं म्हणणं होतं, बेडूक जातात त्याबरोबर शेतातले किडे खाणारी फौज जाते. मग कीटकनाशकं विकत घ्यावी लागतात. पाय विकून आलेलं परकी चलन औषधांत जातं. 1985 मध्ये हा बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला आणि 1987 मध्ये भारताने निर्यात बंद केली.

मामा: आणि परदेशातले लोक बेडूक खायचे थांबले?

भाची: नाही. इंडोनेशियाकडून घ्यायला लागले.

मामा: म्हणजे खाणारा तसाच राहिला, पुरवठादार तेवढा बदलला. आणि इथे ज्याने कधी निर्यात केली नाही, घरापुरते आठ-दहा आणले, तो गुन्हेगार ठरला.

भाची: घरापुरते? मामा, आता घरापुरतं किती राहिलंय? गोव्यात ‘जम्पिंग चिकन’ म्हणून कुणाला वाढतात, तुला माहीत नाही? पोरगं चिखलात उतरतं, बटर-गार्लिक लावून खाणारा एसीत बसलेला असतो. मागणी तिथून येते.

मामा: मग त्याला पकड ना! धाडी पडतात त्या शेताच्या बांधावर. पोत्यासकट पोरगं सापडतं, ताटासकट गिऱ्हाईक कितीदा सापडतं?

भाची: इथे मी तुझ्याच बाजूची आहे.

मामा: असू नकोस. वादाला मजा येत नाही.

भाची: मग दुसरीकडे भांडू. अब्दुलअलींचा तो किड्यांचा मुद्दा तुला पटतो का?

मामा: अर्धा पटतो. बेडूक साफ करताना पोट फाडलं की आत काय निघायचं सांगू? खेकड्याच्या नांग्या. काळे भुंगेरे, टणटणीत पाठीचे. नाकतोडे. एकदा उंदराचं पिल्लू निघालं, शेपटीसकट. त्या नांग्या बघितल्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भाताचा मोठा वैरी कोण? खेकडा. बांधाला बिळं पाडतो, रात्रीत पाणी निघून जातं, सकाळी वाफा कोरडा. मी दिवसभर बिळं बुजवत फिरायचो आणि रात्री त्याच खेकड्याला खाणाऱ्याला पोत्यात भरायचो.

भाची: संशोधक हेच करतात. पोटात काय आहे ते तपासतात. तुझा अभ्यास तुझ्या आधी कढईत गेला, एवढंच.

मामा: पण अर्धाच पटतो म्हटलं, कारण पुढे तुम्ही लोक हिशेब मांडता. एक बेडूक वर्षाला इतके किडे, म्हणून इतकी पोती भात वाचलं. असला हिशेब मी कधी शेतात बघितला नाही. बेडूक भरपूर होते त्या सालीही खोडकिडा आला.

भाची: मीही तो हिशेब मांडणार नाही. उपयोगावर जीव जोखायला लागलो की ज्या दिवशी एखादं स्वस्त औषध निघेल त्या दिवशी बेडूक निरुपयोगी. शिवाय हा काही फक्त किडे खात नाही. तोंडात मावेल ते गिळतो. दुसरे बेडूक, पाली, सापाची पिल्लं, पाखरं. त्याची पिल्लंसुद्धा मांसाहारी. इतर बेडकांची शेपटीवाली पिल्लं शेवाळ खरवडत असतात, ही त्यांनाच खातात. डासांच्या अळ्याही खातात आणि भूक लागली तर भावंडंही.

मामा: मग अंदमानात तुम्ही त्याला मारा म्हणता, त्याचं कारण हेच ना? तिथे मारा, इथे जपा. एकच बेडूक! हा कुठला न्याय?

भाची: यावर तू कधी येतोस याचीच वाट बघत होते. अंदमानात हा मूळचा नाहीच. मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून माशांची पिल्लं नेली, त्यांच्या पिशव्यांतून बहुधा याची पिल्लं गेली. साधारण 2010 नंतर तो दिसू लागला आणि बेटामागून बेटं घेत गेला. मी राहत होते तिथे लोक सांगायचे, बदकांची पिल्लं नेतो, कोंबडीची पिल्लं नेतो. तिथल्या स्थानिक जातींच्या पिल्लांबरोबर याची पिल्लं एका टाकीत ठेवून प्रयोग झाले, तेव्हा स्थानिकांची पिल्लं जवळपास सगळी फस्त झाली.

मामा: मग इथे का नाही होत असं? इथेही छोटे बेडूक आहेतच.

भाची: कारण इथे सगळे एकमेकांना ओळखतात. इथल्या छोट्या बेडकांनी हजारो पिढ्या याच्या शेजारी काढल्यात. कोणी वेगळ्या डबक्यात अंडी घालतो, कोणी वेगळ्या वेळी, कोणी झाडाच्या पानावर. आणि याला खाणारेही इथे आहेत. दिवड, धामण, बगळे, ढोकरी. त्याच्या पिल्लांना तर चतुराच्या अळ्याही खातात. अंदमानात त्याला शेजार नव्हता, फक्त ताट होतं. म्हणून मी म्हणते, बेडूक चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा. कुठला बेडूक, कुठे, हे विचार.

मामा: आता तू माझ्या अंगणात आलीस. ‘कुठे’ विचारतेस ना? मग सांग, याचं घर कुठे आहे? जंगलात?

भाची: नाही. घनदाट रानात तो क्वचितच. सपाट भाग, पाणथळ, तळ्यांच्या कडा, भाताची शेतं.

मामा: भाताची शेतं. ती कुणी केली? वनखात्याने?

भाची: तू केलीस.

मामा: माझ्या आज्याने, पणज्याने. बांध घातले म्हणून पाणी साठलं. उन्हाळ्यात जमीन नांगरून भाजून ठेवली म्हणून माती भुसभुशीत राहिली. चैत्रात बांध खणताना किती वेळा माझ्या फावड्याला हा लागलाय, ठाऊक आहे? हातभर खोल, ओल्या मातीत, पाय पोटाशी घेऊन बसलेला. अंग गार, डोळे मिटलेले, मेला म्हणावं असा. तळहातावर घेतला की थोड्या वेळाने गळ्याची कातडी हळूच हलायला लागायची. मी परत मातीत ठेवायचो आणि वर ढेकूळ ओढायचो.

भाची: पाऊस पडला की धरायला?

मामा: पाऊस पडला की धरायला, हो! पण फावड्याने तोडला तर नाही ना? आता बघ. बांधाच्या जागी चिऱ्यांच्या भिंती आल्या, मधे सिमेंट. जेसीबीने सरळ रेषा ओढली. त्यात तो कुठे शिरणार? आणि शेतं? पोरं नोकरीला गेली, मजूर मिळत नाहीत, अर्धी शेतं पडीक. तुम्ही म्हणाल, पडीक म्हणजे निसर्गाला सोडलं. पण पडीक शेताचे बांध फुटतात, पाणी टिकत नाही, गवत माजतं. बेडूक पडीक शेतात ओरडत नाही, जा आणि ऐक. शेतकरी गेला की बेडूकही जातो. आणि जे पडीक राहतं त्यावर एक दिवस ट्रक येतात, लाल मातीचा भराव पडतो आणि फलक लागतो. मोपाला विमानतळ झाला तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक वाफ्याला अचानक भाव आलाय. एका भरावाखाली जितके बेडूक झोपेत गाडले जातात तितके मी सगळ्या आयुष्यात खाल्ले नसतील. त्यासाठी कोणाला तीन वर्षं?

भाची: कोणाला नाही. बेडूक धरणं गुन्हा आहे, पण बेडकाखालची जमीन बुजवणं हे वेगळ्या खात्याचं काम. जमिनीचेही कायदे आहेत, मामा. कुळाच्या जमिनीचा वापर बदलू नये म्हणून 1991 चा आहे. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकू नये म्हणून गोव्याने 2023 मध्ये नवा केला.

मामा: कायदे आहेत, आणि भरावही आहे.

भाची: हो. पण मग दोष दोघांचा म्हण. आणि तुझ्या त्या भाताच्या शेतात सगळं आलबेल होतं असंही नको म्हणूस. युरिया कोणी टाकला? तणनाशक कोणी फवारलं? बेडकाचं कातडं आपल्यासारखं बंद नसतं. तो त्यातून पाणी पितो, काही अंशी श्वासही घेतो. घोटाभर पाण्यात फवारलेलं औषध त्याच्या पिल्लांना थेट अंगात जातं.

मामा: मी फवारलं. खोटं नाही बोलणार. सगळ्यांनी फवारलं.

भाची: आणि आणखी एक. याला कसलं पाणी लागतं हे लोकांना कळत नाही. पंचायत तळं ‘सुशोभित’ करते. कडेला काँक्रीट, मधे कारंजं, बाराही महिने पाणी, आत मासे. लोकांना वाटतं, बेडकांची चैन झाली. प्रत्यक्षात ते पाणी याच्या कामाचं नाही. त्याला हवं असतं ते दोन-तीन महिन्यांत आटणारं, उथळ, ऊन लागणारं पाणी, ज्यात मासा पोचलेला नाही. माशाला अंडी आणि पिल्लं म्हणजे आयता घास. जे पाणी टिकत नाही तेच त्याला सुरक्षित. म्हणून पिल्लांना घाई. महिना-दीड महिन्यात शेपटी जाऊन पाय आले पाहिजेत, नाहीतर चिखलात वाळून मरायचं.

मामा: डासांसाठी गप्पी मासे सोडतात त्याचं काय?

भाची: गटारात आणि टाक्यांत सोडावेत, त्याला हरकत नाही. पण उत्साहाच्या भरात कोणी डबक्यांत, शेतांत, पाणथळीत सोडले की डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लंही खायचे. आणि डासांच्या अळ्या खाणारा एक फुकटचा नोकर तिथे आधीपासून होता.

मामा: तुझ्या बोलण्यावरून मला कीर्तनकार बुवांनी सांगितलेलं आठवलं. वेदात बेडकांचं सूक्त आहे म्हणे.

भाची: ऋग्वेदात. सातव्या मंडलातलं 103 वं. वर्षभर गप्प राहिलेले बेडूक पाऊस पडताच मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांसारखे बोलू लागतात, असं त्यात म्हटलंय. त्यांतला एक गाईसारखा हंबरतो, एक बकरीसारखा ओरडतो, एक ठिपक्यांचा, एक पिवळट-हिरवा.

मामा: गाईसारखा हंबरणारा म्हणजे आमचाच.

भाची: सिद्ध करता येणार नाही, पण पावसाच्या रात्री तुझ्या पडवीत बसून ऐकलं की दुसरा कोणी डोळ्यांसमोर येत नाही. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याने ते रचलं त्याने वर्षभराचं मौन आणि पहिल्या पावसाची ती रात्र या दोन्हींची नोंद घेतली. आपण फक्त रात्रीचं बोलतो. तू त्या रात्री पोतं नेतोस, वनखातं त्या रात्री गस्त घालतं, फोटोवाले त्या रात्री कॅमेरे आणतात. उरलेले तीनशेसाठ दिवस त्या मातीकडे कोणी बघत नाही.

मामा: मी बघत होतो.

भाची: बघत होतास. म्हणून तर तुझ्याशी भांडते. दुसऱ्या कोणाशी भांडून काय उपयोग?

मामा: मग माझं म्हणणं सरळ आहे. बेडूक जपायचा असेल तर शेतकरी जपा. भात लावणाऱ्याला आधार द्या, मातीचे बांध राहतील असं करा, भराव थांबवा. हे केलंत तर वर्षाला चार बेडूक खाल्ल्याने काही बुडत नाही. आमच्या आज्यानेही खाल्ले, आणि बेडूक आमच्या बापापर्यंत आलेच की.

भाची: तुझ्या आज्याच्या वेळी गावातली सगळी शेतं पाण्याखाली असायची. दहा वाफ्यांतले बेडूक गेले तर नव्वद वाफे शिल्लक. आता दहाच वाफे उरलेत आणि रात्री मोटारसायकलींवरून येणारी टोळी त्याच दहांवर जाते. हॉटेलं वाढली, शेतं कमी झाली. जुनं प्रमाण नवीन गावाला लागू करता येत नाही. बाहेरच्या राज्यांत कितीही बेडूक असले तरी पेडण्याचे संपले तर ते चालत येऊन तुझं शेत भरणार नाहीत. मध्ये महामार्ग आहे. पहिल्या पावसाच्या रात्री त्याच्यावर किती चिरडतात ते सकाळी बघ.

मामा: म्हणजे तुझी बंदी कायम?

भाची: कायम. पण तुझं एक मान्य. नुसती बंदी ठेवून वनखातं सुटलं असं होता कामा नये. बेडकाचा कायदा बेडकापाशी संपतो, पाण्यापाशी पोचत नाही. हे अपुरं आहे आणि ते आम्ही लोकांनी मोठ्याने सांगितलं पाहिजे. आम्ही पिवळ्या बेडकाचे फोटो टाकतो, वाहवा मिळवतो, पण भरावाच्या अर्जावर हरकत घ्यायला पंचायतीत किती जण जातो?

मामा: शून्य.

भाची: शून्य.

मामा: खालच्या वाटेला जी दोन शेतं आहेत ना, विहिरीपलीकडची, त्यांच्यावर भराव टाकायचा अर्ज आलाय. ग्रामसभेत विषय आहे. मी हरकत घेणार आहे. एकटा गेलो तर म्हणतील, म्हाताऱ्याला भाव कमी मिळाला म्हणून ओरडतोय.

भाची: मी येते. लेखी हरकतीत घालू की तिथे पावसात पाणी थांबतं, त्यात कोणत्या जाती अंडी घालतात, पाणी वळवलं तर खालच्या घरांत कसं शिरेल. माझी पदवी निदान एवढ्या कामाला येऊ दे.

मामा: चालेल. पण तुझीही अट असणार.

भाची: आहे. मृगाच्या रात्री त्या शेतात कोणी पोतं घेऊन उतरलं तर वनखात्याला फोन मीच करणार.

मामा: माझा पोरगा असला तरी?

भाची: तुझा पोरगा असला तर आधी तुला फोन करीन, नंतर त्यांना.

मामा: दोन फोनांत किती वेळ ठेवशील?

भाची: पोतं रिकामं करून घरी परतण्याइतका.

मामा: बरं. हरकतीचा मसुदा तू लिही, पण मराठीत लिही आणि सोपं लिही. सरपंचाला लॅटिन नाव सांगू नकोस, पाणी कुठे शिरेल ते सांग. आणि खाली पहिली सही माझी. तिथला बेडूक मी खाल्लाय, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी सांगितलं की ऐकतील.